फाट्यावर आम्ही वीसेक जण होतो

यवतमाळ जिल्ह्यातील एका अंगणवाडी सेविकेने पाठवलेले पत्र थोडे संक्षिप्त करून देत आहे.

“ताई, मागच्या सप्टेंबरमध्ये आठवडी बाजार करून मी फाट्यावर एसटीची वाट पाहत होते. पानठेल्याच्या बाजूला कडुलिंबाखाली पन्नाशीचा एक माणूस बसला होता. थोड्या वेळाने तो आडवा झाला. दोनदा ओकला, तोंडातून लाळ गळत होती, काहीतरी पुटपुटत होता. ‘पेऊन असन,’ कोणीतरी म्हणाले आणि सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. आम्ही वीसेक जण होतो. अर्ध्या तासाने साडेपाचची गाडी आली, आम्ही चढलो आणि खिडकीतून त्याच्याकडे पाहायचे मी टाळले. चार दिवसांनी पानठेलेवाल्याकडून कळले, की तो शेजारच्या गावचा मजूर होता, दिवसभर कपाशीवर फवारणी करून घरी निघाला होता आणि त्याला औषधाची बाधा झाली होती. गाडी गेल्यावर फाटा रिकामा झाला, तेव्हा एका दूधवाल्याने मोटारसायकल थांबवून त्याला पाहिले आणि १०८ बोलावली. सहा दिवस दवाखान्यात राहून तो आता घरी आला आहे. माझ्या पिशवीत पाण्याची भरलेली बाटली होती. आम्ही माणसे इतकी दगडाची झालो का? आणि त्याच्या घरी जाऊन ‘मी तिथे होते’ असे सांगावे का?”

प्रिय सेविकाताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील जे वाक्य तुम्हाला सर्वांत जास्त टोचते आहे, तेच मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. फाटा रिकामा झाला आणि मग एकट्या दूधवाल्याने त्या माणसाला पाहिले. वीस जणांना जे सुचले नाही ते एकाने केले, म्हणून तुम्ही स्वतःला बोल लावत आहात. मला तर वाटते, की त्याला ते सुचले याचे निम्मे श्रेय रिकाम्या फाट्याचे आहे. त्याने गाडीचा वेग कमी केला तेव्हा त्याच्यासमोर पडलेला माणूस होता आणि दुसरे कोणीही नव्हते, त्यामुळे ‘याला काय झाले असेल’ हे ठरवण्यासाठी त्याला त्या माणसाकडेच पाहावे लागले. तुम्ही सगळे मात्र एकमेकांकडे पाहत होता.

हे मी तुमची समजूत घालण्यासाठी लिहीत नाही. गर्दीतली माणसे मदतीला का उठत नाहीत, याचा अभ्यास अमेरिकेत साठ वर्षांपूर्वी सुरू झाला, आणि तोही एका अर्धवट खऱ्या बातमीमुळे. १३ मार्च १९६४ रोजी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात किटी जेनोव्हीज नावाच्या तरुणीचा तिच्या घराजवळ खून झाला, आणि अडतीस शेजारी खिडक्यांतून पाहत राहिले तरी कोणी पोलिसांना कळवले नाही, अशी बातमी तिथे छापून आली. ती बातमी फुगवलेली होती हे पुढे उघड झाले. एका शेजाऱ्याने खिडकीतून ओरडून हल्लेखोराला हटकले होते, आणि एक शेजारीण जिन्याशी धावत जाऊन त्या मुलीला कुशीत घेऊन बसली होती. परंतु त्या बातमीने अस्वस्थ झालेल्या बिब लॅटाने आणि जॉन डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी जे प्रयोग केले, ते तुमच्या फाट्याशी अगदी जुळतात. त्यांनी विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून यंत्रावरून एकमेकांशी बोलायला लावले, आणि बोलता बोलता त्यांपैकी एकाला फेफरे आल्याचा आवाज (तो आधीच ध्वनिमुद्रित केलेला होता) ऐकवला. हा आवाज आपण एकटेच ऐकत आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांच्यापैकी ८५ टक्के जण झटका चालू असतानाच मदतीसाठी उठले. आणखी एक जण ऐकतो आहे असा समज असताना हे प्रमाण ६२ टक्के झाले, आणि आणखी चार जण ऐकत आहेत असा समज असताना ३१ टक्क्यांवर आले. १९६८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले.

तुमच्या ‘दगड’ या शब्दाला उत्तर मात्र या आकड्यांत नाही. जे विद्यार्थी जागचे हलले नव्हते, त्यांच्या खोलीत संशोधक गेले तेव्हा त्यांच्यापैकी अनेकांचे हात थरथरत होते, तळव्यांना घाम फुटला होता, आणि ‘तो बरा आहे ना?’ असे ते स्वतःहून विचारत होते. उठावे की नाही या पेचात ती मुले अडकून पडली होती. तुम्ही खिडकीतून बाहेर पाहायचे टाळले, असे स्वतःच लिहिले आहे. ज्याला काही वाटत नाही, त्याला नजर चुकवावी लागत नाही.

आता त्या फाट्यावर काय घडले असेल ते पाहू. एक माणूस आडवा होतो आणि वीस जणांच्या मनात एकाच वेळी शंका येते. प्रत्येक जण इतरांच्या चेहऱ्याकडे पाहतो, इतरांचे चेहरे शांत दिसतात, आणि ते शांत दिसतात कारण तेही आपल्यासारखेच इतरांकडे पाहत असतात. चारचौघांत उगाच घाबरट दिसू नये म्हणून आपण चेहरा सरळ ठेवतो, आणि तोच सरळ चेहरा शेजाऱ्याला ‘काही विशेष नाही’ असे सांगत राहतो. याच दोघांच्या दुसऱ्या एका प्रयोगात, भिंतीतल्या झरोक्यातून खोलीत धूर येऊ लागल्यावर एकट्या बसलेल्यांपैकी ७५ टक्के लोकांनी बाहेर जाऊन सांगितले. पण ज्यांच्या शेजारी मुद्दाम निर्विकार बसवलेली दोन माणसे होती, त्यांच्यापैकी १० टक्क्यांनीच सांगितले. बाकीचे डोळे चोळत, धूर हाताने वारत कागद भरत राहिले. त्यात तुमच्या फाट्यावर चेहऱ्यांच्या जोडीला शब्दही आले. ‘पेऊन असन’ हे दोन शब्द कोणी उच्चारले हे तुम्हाला आठवत नाही आणि ते आठवण्याची गरजही नाही. ज्याने ते उच्चारले त्याने बहुधा प्रश्नच विचारला होता, पण वीस माना हलल्यावर त्याचा निकाल झाला.

हा निकाल फाट्यावरच्या आपल्याच माणसांकडून लागतो असेही नाही. १९६९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत एक माणूस मुद्दाम कोसळत असे. त्याच्या हातात काठी असली की ६५ पैकी ६२ वेळा प्रवासी आपणहून धावले. अंगाला दारूचा वास आणि हातात बाटली असली की ३८ पैकी १९ वेळाच. डबा तोच आणि तसलेच प्रवासी. ‘हा बिचारा आहे’ की ‘याने स्वतःच ओढवून घेतले आहे’ हे एकदा ठरले, की पाय त्याप्रमाणे उठतात किंवा उठत नाहीत.

आणि इथे आपल्या भागातली एक दुर्दैवी गोष्ट आडवी येते. फवारणीची बाधा दुरून हुबेहूब दारूसारखी दिसते. मी एका ग्रामीण रुग्णालयात तीस वर्षे परिचारिका होते, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात ‘दारू जास्त झाली’ म्हणून आणलेल्या माणसाच्या डोळ्यांत बॅटरी मारून पाहायची आम्हाला सवयच लागली होती. आपल्याकडे वापरल्या जाणाऱ्या बऱ्याच औषधांचा परिणाम मज्जातंतूंवर होतो. त्यामुळे लाळ गळते, अंगाला दरदरून घाम सुटतो, ओकाऱ्या होतात, चाल अडखळते, बोलणे जड होते, दंडाचे किंवा पापणीचे स्नायू आपोआप उडू लागतात आणि डोळ्यांतली बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक होते. यातल्या शेवटच्या दोन खुणा सोडल्या तर बाकी सगळे दहा पावलांवरून दारूचेच वाटते, आणि त्या दोन खुणा दहा पावलांवरून दिसत नाहीत. वासही फसवतो, कारण दारू आणि औषध दोन्ही उग्र असतात आणि कोणता वास कशाचा हे लांबून कळत नाही. २०१७ च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक माणसे दगावली आणि शेकडो जणांना दाखल करावे लागले, हे तुम्ही जवळून पाहिले असेल. तरीही सप्टेंबर महिन्यात, चारी बाजूंना कपाशी उभी असताना, फाट्यावर ओकणाऱ्या मजुराबद्दल आपल्या तोंडून आधी ‘दारू’ हाच शब्द निघतो. स्पष्टच लिहिते, यात त्याच्या मळक्या सदऱ्याचा आणि अनवाणी पायांचा वाटा आहे. इस्त्रीच्या कपड्यातला गुरुजी त्याच झाडाखाली आडवा झाला असता, तर ‘सर, चक्कर आली का?’ असे विचारत चार जण वाकले असते.

तुम्ही असेही विचारू शकाल, की हा तर शहराचा रोग, खेड्यात तो कुठून आला? मला वाटते, आपण गाव आणि फाटा यांत गल्लत करतो. गावात कोणी पडले तर तो कोणाचा कोण, हे पाच मिनिटांत ठरते आणि मग कोणाला हाक मारायची हेही ठरते. फाटा मात्र कोणाचाच नसतो. दहा गावांची माणसे तिथे अर्धा तास शेजारी उभी राहतात आणि आपापल्या दिशेने निघून जातात. ‘त्याच्या गावचा कोणी असेलच की इथे,’ असे प्रत्येक गावचा माणूस धरून चालतो. त्यात साडेपाचची गाडी शेवटची. ती चुकली तर काळी-पिवळी मिळेलच असे नाही, आणि बाईमाणसाला अंधारात फाट्यावर थांबणे म्हणजे काय, हे मी तुम्हाला सांगायला नको. घाई माणसाला किती बदलते याचा अनुभव मी स्वतः घेतला आहे. एकदा मे महिन्यात, सेवेत असताना, ड्यूटीवर वेळेत पोचायचे म्हणून एसटी स्थानकात भिंतीला टेकून डोळे मिटलेल्या एका म्हातारीला मी ओलांडून गेले. तिचा चेहरा लाल आणि कोरडा होता, आणि उष्माघाताच्या रुग्णाचा चेहरा कसा असतो हे मला त्या स्थानकातल्या कोणाहीपेक्षा जास्त माहीत होते. गाडीत बसल्यावर मला ते ‘दिसले’. तिचे पुढे काय झाले हे मला कधीच कळले नाही. तुमचा माणूस घरी परतला हे तुम्हाला निदान कळले तरी.

दुसरे कारण तुम्ही पत्रात लिहिलेले नाही, पण ते फाट्यावर हजर होते याबद्दल मला शंका नाही. आपल्याकडे ‘त्याने औषध घेतले’ याचा एकच अर्थ होतो, आणि तो अर्थ निघाला की पोलीस आले, जबाब आले, आणि ‘लफड्यात कायले पडता’ म्हणणारेही आले. दवाखान्यात रुग्णाला स्ट्रेचरवर ठेवून मागच्या मागे गेटाबाहेर पडणारी माणसे मी शेकड्याने पाहिली, आणि त्यांना आवाज चढवून ‘थांबा, नाव सांगा’ म्हणणारी मीच असे. ती भीती आम्ही पांढऱ्या कपड्यातल्या लोकांनीही वाढवली आहे. म्हणून कायदा नीट समजून घ्या. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ सालीच परमानंद कटारा यांच्या खटल्यात सांगितले, की जखमी किंवा अत्यवस्थ माणसाचा जीव वाचवणे हे डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे आणि पोलिसांचे सोपस्कार त्यानंतर. विषबाधेची पोलिसांना वर्दी देणे हे दवाखान्याचे काम आहे, रुग्णाला आणणाऱ्याचे नाही. रस्त्यावरच्या वाहन अपघातांसाठी तर २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आले. त्यानुसार सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि २०२० च्या नियमांप्रमाणे नाव, पत्ता, फोन सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही. हे कलम वाहन अपघातापुरतेच आहे, म्हणजे तुमच्या कडुलिंबाखालच्या माणसाला ते लागू झाले नसते. पण बेशुद्ध किंवा असहाय माणसाच्या भल्यासाठी सद्भावनेने केलेली कृती गुन्हा ठरत नाही, ही तरतूद जुन्या दंडसंहितेत होती आणि नव्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३० मध्येही आहे. शिवाय फाट्यावरून १०८ ला फोन लावायला यातले एकही कलम पाठ असावे लागत नाही.

आता, पुन्हा असा प्रसंग आला तर काय करावे? कोणाला उचला, खांद्यावर टाका, असे मी सांगणार नाही. दहा पावले दोन पावलांवर आणा, एवढेच पहिले काम आहे. दोन हात अंतरावर उभे राहून मोठ्याने विचारा, “काका, काय होऊन रायलं? आज फवारणी केली का?” बाईमाणसाने अनोळखी पुरुषाजवळ कसे जावे, हा संकोच खरा आहे, पण प्रश्न विचारायला अंगाला हात लावावा लागत नाही, आणि चारचौघांसमोर मोठ्याने विचारलेल्या प्रश्नात कोणाला वावगे दिसत नाही. त्या प्रश्नाने आणखी एक गोष्ट होते. तोवर वीस जणांच्या डोक्यात ‘दारू’ एवढेच उत्तर असते, तिथे ‘फवारणी’ हे दुसरे उत्तर येऊन बसते. मग गर्दीला उद्देशून ‘कोणीतरी फोन करा हो’ म्हणू नका, कारण ‘कोणीतरी’ नावाचा माणूस फाट्यावर नसतो. बोट दाखवून सांगा, “पिवळ्या दुपट्ट्याचे भाऊ, तुम्ही १०८ लावा आणि फाट्याचे नाव सांगा. पानठेलेवाले दादा, तुम्ही पाण्याची बादली आणा.” ज्याच्याकडे बोट गेले तो माणूस सहसा नाही म्हणत नाही, हे मी अपघात विभागाच्या दारात हजार वेळा अनुभवले आहे.

फवारणीची बाधा असेल तर माणसाला कुशीवर वळवून ठेवायचे, म्हणजे ओकारी श्वासनलिकेत जात नाही. औषधाने भिजलेला सदरा काढायचा आणि अंग भरपूर पाण्याने, मिळाल्यास साबणाने, धुवायचे. हे करताना आपल्या हातांवर प्लास्टिकच्या पिशव्या चढवायच्या, नाहीतर ते औषध आपल्या कातडीतून आत जाते. मीठपाणी, लिंबू, दूध पाजून ओकारी काढण्याचा जो उद्योग आपल्याकडे हमखास होतो, तो करू द्यायचा नाही. तुमच्या पिशवीतली ती पाण्याची बाटलीसुद्धा त्याला पाजण्यासाठी नव्हे, धुण्यासाठीच उपयोगी पडली असती. आणि औषधाचा डबा किंवा निदान त्यावरच्या लेबलचा फोटो दवाखान्यात पोचवायचा, म्हणजे उतारा कोणता द्यायचा हे डॉक्टरांना लवकर ठरवता येते.

गर्दी म्हणजे निष्क्रियताच, असे समजून मात्र बसू नका. २०१९ साली नेदरलँड्समधील ॲमस्टरडॅम, इंग्लंडमधील लँकेस्टर आणि दक्षिण आफ्रिकेतील केपटाऊन या शहरांतल्या रस्त्यांवरची २१९ भांडणे कॅमेऱ्याच्या चित्रणातून तपासली गेली, तेव्हा दहापैकी नऊ प्रसंगांत कोणी ना कोणी मध्ये पडल्याचे आढळले, आणि माणसे जितकी जास्त तितकी कोणीतरी पुढे येण्याची शक्यताही जास्त होती. याचे कारण माझ्या मते सोपे आहे. मारामारी ही मारामारीच दिसते, तिचा अर्थ शोधावा लागत नाही. झाडाखाली गप्प पडलेल्या माणसाचा अर्थ मात्र कोणीतरी लावावा लागतो. तुमच्या फाट्यावरही दोघे जण एकमेकांच्या छातीवर बसले असते, तर त्याच वीस जणांनी त्यांना ओढून बाजूला केले असते.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न. त्यांच्या घरी जरूर जा, पण ‘मी तिथे होते’ हे पहिले वाक्य करू नका. तुम्ही माफी मागायला म्हणून गेलात, तर आजारातून उठलेला तो माणूस आणि त्याची बायको ‘जाऊ द्या बाई, तुमचा काय दोष’ म्हणत तुमचीच समजूत घालत बसतील, आणि ते काम त्या घरावर टाकण्याचे कारण नाही. तब्येतीची चौकशी करायला जा. काही औषधांच्या बाधेत दोन-तीन आठवड्यांनी पायांत अशक्तपणा येतो, तसे काही झाले का आणि झाले असेल तर डॉक्टरांना दाखवले का, हे विचारा. तो पुन्हा फवारणीला जातो का, गेला तर तोंडाला रुमालाशिवाय काही बांधतो का, मालकाने हातमोजे दिले का, आणि त्या दिवशीचा सदरा घरच्या इतर कपड्यांबरोबर धुतला जातो का, हेही विचारा. अंगणवाडी सेविकेने हे विचारलेले कोणाला खटकत नाही. बोलता बोलता त्याच्या बायकोने ‘त्या दिवशी फाट्यावर कोणीच नव्हते का हो?’ असे विचारले, तर मात्र तिथे खोटे बोलू नका. “होतो. मलाही ते पेलेले वाटले,” इतके सांगा आणि मग ती जे म्हणेल ते ऐकून घ्या, आपली बाजू मांडू नका.

आणि परतताना पानठेल्यावर थांबून त्या दूधवाल्याची भेट होते का पाहा. गाडी थांबवल्यावर त्याच्या तोंडून पहिले वाक्य कोणते निघाले होते, ते त्याला विचारा आणि मला कळवा.